मुठीचे माप

मनुष्य पडतो यात अधर्म काही नाही. अधर्म असलाच तर तो पडल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात असतो. अंगावरची धूळ झटकण्यापूर्वी, कोपर फुटले की गुडघा हे पाहण्यापूर्वी, मनुष्याची जिव्हा एक कारण शोधून ठेवते, आणि ते कारण सहसा त्याच्या देहाबाहेर असते. ते दगडात असते, चिखलात असते, समोरून येणाऱ्यात असते. काहीच सापडले नाही तर यंत्र असतेच, कारण यंत्राला उलट बोलता येत नाही. अशा एका पहिल्या वाक्याला पुढे किती फांद्या फुटल्या आणि त्याच्या सावलीत एक सज्जन किती दिवस बसून राहिले, याची ही कथा आहे.

हे सज्जन व्यवसायाने कवळ्या बनवीत. शहरातील निम्मे दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या जबड्यांची मापे त्यांच्याकडे पाठवीत, आणि जबडा अवघड असला तर रुग्णालाच पाठवीत. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची लांबट खोली होती. खिडकीशी फिरते स्टूल, टेबलावर प्लास्टरची पांढरी धूळ, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले शेकडो जबडे. त्या मूक सभेपुढे पंचवीस वर्षे बसून त्यांना नेमकेपणाचा लळा लागला होता. केसाच्या जाडीइतका उंचवटा राहिला तरी म्हातारे माणूस घास चावताना कळवळते, म्हणून ते केसाचीही जाडी सोडीत नसत. लोक त्यांना आदराने कवळीकार म्हणत. आपणही तेच म्हणू.

असे हे कवळीकार रविवारी सकाळी निराळेच होत. अंगात कातडी जाकीट, डोक्याला शिरस्त्राण, आणि खाली तांबडी स्पोर्ट्स मोटारसायकल. हे वाहन मोठ्या विचाराने बनवलेले असते. चालवणाऱ्याने त्यावर पालथे निजल्यासारखे बसायचे आणि ज्या रस्त्यावर ताशी चाळीसची पाटी आहे तेथे ताशी तीनशेची आकांक्षा बाळगायची. मागे बसणाऱ्याचाही विचार त्यात केलेला असतो, परंतु अगदी शेवटी, पंगत उठल्यावर पाहुण्याची आठवण व्हावी तसा. त्याला पोस्टकार्डाएवढी गादी मिळते. त्या पोस्टकार्डावर कवळीकारांच्या पत्नी अकरा वर्षे तक्रार न करता बसत आल्या होत्या. त्या न्यायालयात लघुलेखिका होत्या. वादी, प्रतिवादी, साक्षीदार जे बोलतील ते लघुलिपीच्या चिन्हांत उतरवून घेणे हे त्यांचे काम. दिवसभर लोकांचे बोलणे ऐकल्यावर रविवारी दोन तास फक्त वारा ऐकायला मिळतो, एवढेच त्यांना त्या गाडीचे सुख होते, आणि ते त्यांना पुरेसे होते.

चार महिन्यांपूर्वी, जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तिसऱ्या वळणाला गाडी आडवी झाली. कवळीकारांच्या गळ्याचे हाड मोडले. पत्नीचे उजवे मनगट मोडले, तेच मनगट, ज्याने त्या लिहीत. गाडीचा सांगाडाच वाकला, आणि मिस्तरीने तिच्याभोवती एक फेरी घालून, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. तेवढ्यावरून कवळीकार काय ते समजले.

रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या कवळीकारांनी पहिले वाक्य उच्चारले. "वाळू होती."

रुग्णालयात वाळूचे तेल झाले. घरी आल्यावर तेलातून एक कुत्रे निघाले. पुढे कुत्र्याची कीव येऊन त्यांनी त्याला सोडून दिले आणि ब्रेकला धरले. ब्रेकने आयत्या वेळी दगा दिला, असे ते भेटीस येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. पडलो तरी नाक वर, ही म्हण त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे अक्षरशः खरी झाली होती, कारण त्या पट्ट्यात त्यांना मान खाली घालताच येत नसे. आणि एके संध्याकाळी, मेव्हण्याशी बोलता बोलता, त्यांच्या तोंडून आणखी एक वाक्य निसटले.

"तसं बघायला गेलं तर, वळणावर मागचा भार जरा सरकला."

आतल्या खोलीत पत्नी डाव्या हाताने फडताळात बशा लावीत होत्या. बशांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत कवळीकारांचे पुढचे चार महिने अडकून पडले.

पट्टा निघाल्यावर त्यांनी विषय काढला.

"अगं, आता नवी गाडी बघायला हवी. कुठली घेऊ या?"

"तुम्हीच ठरवा," पत्नी म्हणाल्या. त्या रबरी चेंडू दाबून मनगटाला व्यायाम देत होत्या.

"पण तू बसशील ना मागे?"

"गाडी तर येऊ द्या."

या चार शब्दांत होकार होता की नकार, हे कवळीकारांना उलगडेना. त्यांना गाडी हवी होती हे खरे, परंतु पोस्टकार्ड रिकामे ठेवून जाण्यासाठी नको होती. मागे ती नसेल तर आपण एकटे त्या वळणावरून कोणासाठी जायचे? हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस टोचू लागला, आणि टोचणाऱ्या प्रश्नापासून दूर जाण्याचा विद्वानांचा जो राजमार्ग आहे तोच त्यांनी धरला. त्यांनी अभ्यास आरंभला.

बैठकीच्या भिंतीवर एक तक्ता चढला. त्यात आडव्या ओळीत चौदा मोटारसायकली आणि उभ्या ओळीत बत्तीस गुण होते. मेव्हणा हा या अभ्यासातील सहाध्यायी. तो औषधाच्या दुकानात बसे, आणि गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर मोटारसायकलींची प्रवचने ऐके. त्याने स्वतः आयुष्यात सायकलखेरीज काही चालवले नव्हते, त्यामुळे त्याची मते स्वच्छ आणि निर्भय होती.

"भावोजी, ही घ्या डोळे झाकून! शून्यावरून शंभरला तीन सेकंदांत जाते."

"आणि शंभरावरून शून्याला?"

"ते कोण विचारतं, भावोजी!"

कवळीकारांनी त्या गाडीपुढे फुली मारली. दुसरीचा आवाज उथळ होता, तिसरीचा आरसा कोपरच दाखवीत होता, चौथीला इतकी यांत्रिक बुद्धी होती की चालवणाऱ्याची स्वतःची बुद्धी गंजून जावी. पाचवीत काहीच दोष सापडेना, म्हणून ती संशयास्पद ठरली. असे करता करता तक्ता फुल्यांनी भरला. मग कवळीकारांनी आणखी सहा गुण वाढवून नवा तक्ता केला. नवरदेवाचा पत्ता नाही आणि मांडवाची मापे मात्र रोज नव्याने घेतली जात आहेत, असा तो प्रकार होता.

याच सुमारास त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका येत असत. बाईंच्या कवळीची, मेणात दात बसवून पाहण्याची चाचणी नवव्यांदा झाली होती. कधी दात फार पांढरे, कधी फार पिवळे, कधी पुढचे दोन उर्मट. जेवताना कवळीकार हसून पत्नीला म्हणाले, "यांना दात नको आहेत गं. यांना वेळ हवाय. कवळी घेतली की आपले दात गेले हे मान्य करावं लागतं ना! असे पेशंट मी डोळ्यांवरून ओळखतो."

पत्नीने घास गिळला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. मग कवळीकारांकडे पाहिले. मग आणखी भाजी वाढू का, असे विचारले.

काखेत कळसा असलेला मनुष्य गावाला वळसा घालतो तो आंधळेपणाने नव्हे. त्या वळशात त्याला चालल्याचे पुण्य मिळत असते. कवळीकारांनी आता सर्वांत मोठा वळसा घेतला, आणि तो त्यांच्या विद्येतूनच निघाला. एका दुपारी त्यांच्या मनात आले की, आपण दुसऱ्यांच्या मापांवर का विसंबतो? कारखानदार सांगतो ती उंची, ती लांबी, तो कोन, हे सारे कोणा परक्या सरासरी मनुष्याचे माप आहे. माझी मूठ कोणी मोजली आहे?

त्यांनी मिस्तरीकडून मोडक्या गाडीचे उजवे हँडल मागवून घेतले. त्यावर ऍक्सिलरेटरची रबरी मूठ होती आणि तिच्यापुढे ब्रेकचा लिव्हर. ब्रेकची नळी कापलेली असल्यामुळे लिव्हर सैल, बोट लावले की हलणारा. ते हँडल त्यांनी टेबलाच्या शिकंज्यात घट्ट बसवले. मापाचा लगदा मळला. हा लगदा दोन डब्यांत असतो. एकत्र मळला की चार मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो, आणि त्याला स्पर्श झालेली प्रत्येक रेष तो जन्मभर विसरत नाही. कवळीकारांनी तो लिव्हरसकट साऱ्या मुठीवर थापला, स्टूलावर पुढे वाकून बसले, डोळे मिटले आणि लगद्यावर हात ठेवला. माप खरे यावे म्हणून त्यांनी मनातल्या मनात गाडी सुरू केली. घराची गल्ली, पूल, झाडांची रांग. पहिले वळण. दुसरे वळण.

तिसरे वळण.

चार मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले तेव्हा कपाळावर घाम होता. खोलीत उकाडा फार आहे, असे त्यांनी त्या जबड्यांच्या सभेस सांगितले.

कवळीच्या विद्येत एक नियम आहे, आणि कवळीकार तो हाताखाली शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत: भ्यालेल्या जबड्याचे माप घेऊ नये. खुर्चीत बसलेला मनुष्य घाबरलेला असला की दात आवळतो, जबडा बाजूला सरकवतो, आणि ते माप धरून केलेली कवळी पुढे कोठेच बसत नाही. म्हणून आधी त्याला बोलते करावे, नातवंडांची चौकशी करावी, घोटभर पाणी गिळू द्यावे, आणि जबडा सैल पडला की मग माप घ्यावे. हा नियम त्यांनी पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. स्वतःच्या बाबतीत तो लागू पडेल असे मात्र त्यांच्या स्वप्नातही आले नाही. वैद्याला आपली नाडी पाहता येते, परंतु ती पाहताना तो दुसऱ्या कोणाला तरी आजारी समजत असतो.

घट्ट झालेला लगदा त्यांनी धारदार सुरीने लांबीत चिरला आणि पुस्तक उघडावे तसा उघडून काढून घेतला. आता तो कोणत्याही हँडलवर चढवता येई. आत मुठीचा आणि लिव्हरचा ठसा, बाहेर बोटांच्या खोल घळी. तो मऊ फडक्यात गुंडाळून कवळीकार दुकानोदुकान हिंडू लागले.

पहिल्या दुकानातली विक्रेती मुलगी तरतरीत होती. "सर, हिच्यात सात मोड आहेत. पावसाचा वेगळा, शहराचा वेगळा, ट्रॅकचा वेगळा..."

"घाबरण्याचा आहे का?" मेव्हणा विनोदाने म्हणाला आणि स्वतःच हसला.

कवळीकार हसले नाहीत. त्यांनी फडके सोडले.

"सर, हे काय आहे?"

"माझा हात."

मुलीने एक पाऊल मागे घेतले. कवळीकारांनी लगद्याचे आवरण मुठीवर चढवले आणि पंचनामा करावा तसे वाकून पाहिले. मूठ नीट बसली. लिव्हर मात्र ठशात येईना, तो दोन बोटे पुढेच राहिला.

"लिव्हर लांब आहे," ते म्हणाले.

"सर, ॲडजस्ट होतो." मुलीने लिव्हरवरची चकती फिरवून तो शक्य तितका जवळ आणला. तरी दीड बोट अंतर उरले.

"तरी लांब."

"सर, याहून जवळ आणला तर तो मुठीलाच चिकटेल."

"ते तुमच्या कारखान्यानं बघावं."

दुसऱ्या दुकानात लिव्हर लांब होता. तिसऱ्यातही लांब. नवव्या दुकानानंतर कवळीकारांनी गंभीर निष्कर्ष काढला: जगातील यच्चयावत कारखानदार ब्रेक चुकीच्या जागी बसवतात, आणि आपल्या अपघाताचे मूळ येथेच आहे. मेव्हणा तर भारावून गेला. "भावोजी, हा शोध आहे! याचं पेटंट घ्यायला हवं." नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे म्हणणारे पुष्कळ झाले, परंतु अंगणाचा वाकडेपणा सूत धरून मोजणारे विरळच.

आता शोधाला साक्षीदार हवा होता. शनिवारी दुपारी कवळीकार पत्नीला घेऊन मिस्तरीच्या गॅरेजात गेले. हेतू असा की मिस्तरीने तांत्रिक अनुमोदन द्यावे आणि पत्नीने ते टिपून घ्यावे. तिचे मनगट आता लिहिण्याजोगे झाले होते. मनात असाही एक चोर कोपरा होता की, दोष ब्रेकचा होता हे एकदा तज्ज्ञाच्या तोंडून तिच्या कानी पडले की मागच्या भाराचे ते वाक्य आपोआप पुसले जाईल, आणि ते परत घेण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. मेव्हणा बोलावल्याशिवाय आला होता.

गॅरेज म्हणजे एक खोल, तेलाने काळवंडलेली खोली. मिस्तरी साठीचा, बोलण्यात काटकसरी. त्याने हात पुसले आणि लगदा घेतला. उलटसुलट फिरवला. उघडून आत पाहिले. मग बाकावरच्या एका सुट्या हँडलवर तो चढवला, आणि चढवताना आपल्या दुसऱ्या हाताने लिव्हर मुठीपर्यंत पूर्ण दाबून धरला.

आवरण चपखल बसले. केसाचीही फट राहिली नाही.

"साहेब," मिस्तरी म्हणाला, "लिव्हर कुठंच लांब नाही. तुम्ही तो दाबून बसलाय."

कवळीकार पुढे सरकून पाहू लागले.

"चारही बोटांनी," मिस्तरीने घळींवरून अंगठा फिरवला. "आणि चांगला करकचून. गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक असा धरला तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही. काटकसरी माणूस होता तो.

कवळीकारांनी आपल्या मुठीकडे पाहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यांनी ती स्वतःच्या हाताने फडक्यात गुंडाळून नऊ दुकानांत उघडून दाखवली होती.

मेव्हणा त्यांच्या मदतीस धावला. "अहो मिस्तरी, तसं नाही ते. हा लगदा आकसला असणार! उन्हानं आकसला असेल. हो ना, भावोजी? आकसतो ना?"

मिस्तरी सज्जन होता. त्याने लगेच मान हलवली. "असेल. आकसतं रबर. आकसलं असेल, साहेब."

दार उघडे होते. फक्त बाहेर पडायचे होते. हो, लगदा आकसतो, एवढे म्हटले की वाळू, तेल, कुत्रे, ब्रेक, सारे पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले असते. कवळीकारांनी तोंड उघडले. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्या फळ्यांवरचे शेकडो जबडे उभे राहिले. ज्यांनी त्यांच्या लगद्यावर विश्वासून दात मिटले होते ती सारी माणसे, त्या भाकरीचा तुकडा चावू शकणाऱ्या म्हाताऱ्या, ते पुन्हा शीळ घालू लागलेले आजोबा. लगदा आकसतो म्हटले तर यांतल्या प्रत्येकाचे माप खोटे ठरत होते.

"नाही," कवळीकार म्हणाले. "माझा लगदा आकसत नाही."

"पण भावोजी..."

"पंचवीस वर्षांत आकसला नाही, आता काय आकसतोय! माप बरोबर आहे." त्यांनी ते आवरण हातात घेतले. "हात माझा आहे. ब्रेक मी दाबला. वळणावर मी घाबरलो आणि दाबला. वाळू नव्हती. तेल नव्हतं."

"आणि कुत्रा?" मेव्हण्याने दुःखाने विचारले. त्याने तो कुत्रा निदान चाळीस लोकांना सांगितला होता.

"कुत्राही नव्हता रे."

मग कवळीकार पत्नीकडे वळले. ते अधिक कठीण होते. मिस्तरीने मान वळवून एका डब्यात स्क्रू शोधायला सुरुवात केली. जो स्क्रू कोणालाच नको होता तो शोधण्यास त्याला बराच वेळ लागला.

"तू हलली नव्हतीस," कवळीकार म्हणाले. "जराही नाही. मी तसं म्हणालो ते खोटं म्हणालो."

पत्नीच्या हातात वही होती. त्यांनी ती अजून उघडलेली नव्हती.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वळणाच्या आधीच तुमचे खांदे दगडासारखे झाले होते. मागे बसणाऱ्याला पाठीवरून सगळं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशी बोलणार? बावीस वर्षं कोर्टात बसते. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात." मग त्यांचा संयम जरा सुटला. "पहिल्या दिवशी वाळू. चौथ्या दिवशी तेल. आठव्या दिवशी कुत्रा, त्याचा रंगही दोनदा बदललात. मग ब्रेक. आणि मग मी! माझं मनगट बांधलेलं, डाव्या हातानं मी वेणी घालायला शिकतेय, आणि बाहेर तुम्ही म्हणताय, भार सरकला. भार! अहो, अकरा वर्षांत त्या एवढ्याशा गादीवर सरकायला जागा तरी होती का?"

मेव्हण्याला हसू आले. ताईने पाहिल्यावर ते गेले.

"चुकलो," कवळीकार म्हणाले. त्याच्या मागेपुढे त्यांनी काही जोडले नाही.

पत्नीने वही पिशवीत परत ठेवली. "आजची जबानी ठेवते," त्या म्हणाल्या. "बाकीच्या खोडल्या. आता गाडीचं बोलू. आजवर तेवीस गाड्या बघितल्यात. त्यातल्या एकीच्या तरी मागं कुणी बसून बघितलं?"

मेव्हण्याने बोटांवर गुण मोजून पाहिले. अडतीस गुणांच्या तक्त्यात मागच्या जागेला रकाना नव्हता.

गॅरेजच्या कोपऱ्यात, आच्छादनाखाली, एक करडी मोटारसायकल उभी होती. कोणा भूमापकाची. तो परदेशातल्या आपल्या लेकीकडे राहायला जाणार होता आणि गाडी चांगल्या घरी जावी असे त्याने मिस्तरीला सांगून ठेवले होते. जात स्पोर्ट्सचीच, परंतु मध्यम ताकदीची, तीन वर्षे वापरलेली, हँडल किंचित उंच. मिस्तरीने आच्छादन काढताच पत्नी सरळ तिच्यामागे चढून बसल्या. पुढे कोणी नाही, गाडी स्टँडवर, आणि या बाई मागच्या गादीवर डोळे मिटून, दोन्ही हातांनी बाजूचे दांडे धरून. गॅरेजपुढून जाणारे दोघे तिघे थबकले. बाईंनी उजवे मनगट फिरवून पाहिले, पाय खाली वर करून पाहिले, एकदा मुद्दाम डावीकडे आणि एकदा उजवीकडे सरकून पाहिले.

"हिच्यावर माणूस बसू शकतो," त्या म्हणाल्या.

"ताई, पण हिला पॉवर कुठंय?" मेव्हणा कळवळला. "शंभरला पाच सेकंद लागतात हिला! रविवारी सगळे पुढे जातील."

"जाऊ दे की," पत्नी म्हणाल्या. "तुझ्या ताईला पॉवर नकोय रे, बूड टेकायला जागा हवीय."

कवळीकारांनी गाडीकडे पाहिले. तिच्यात त्यांना लगेच चार दोष दिसले. त्यांतला एकही त्यांनी उच्चारला नाही, आणि हा त्या दिवसातला त्यांचा दुसरा पराक्रम म्हणावा लागेल.

"तू बसशील?" त्यांनी विचारले.

"बसेन. पण एका अटीवर." पत्नी उतरल्या. "वळण आलं की जे वाटेल ते मोठ्यानं बोलायचं. मनात नाही, मला ऐकू येईल असं. काहीच वाटलं नाही तर तसं सांगा. पण दात आवळून गप्प बसायचं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"शिरस्त्राणातून कोणाला ऐकू जातंय! मला तेवढं ऐकू येऊ दे."

पुढच्या रविवारी सकाळी ती दोघे निघाली. गल्ली ओलांडली, पूल ओलांडला, झाडांची रांग सुरू झाली. गाडीचा आवाज भारदस्त नव्हता, उलट जरा नाकातला होता. पहिले वळण दिसू लागले तसे कवळीकार म्हणाले, "मजा येतेय."

मागून खांद्यावर एक चापट बसली.

"बरं, बरं! थोडी धास्ती वाटतेय."

"पुढे?"

"वेग कमी करतोय. आत्ताच, वळणाच्या आधी. बोटं लिव्हरवर आहेत. दोनच."

"पुढे?"

"आता वळवतोय... वळली."

दुसऱ्या वळणाला ते आणखी मोठ्याने बोलले, कारण समोरून ट्रक आला. तिसरे वळण जवळ आले तेव्हा त्यांचे खांदे पुन्हा ताठरले. पाठीला टेकलेल्या बाईंना ते कळले, परंतु त्या काही बोलल्या नाहीत. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात.

"भीती वाटते!" कवळीकार ओरडले. रस्त्याच्या कडेला भाजीच्या टोपल्या उतरवणारी एक बाई चकित होऊन पाहू लागली. "फार भीती वाटते गं! हात आवळतोय! तू पडलीस तेव्हा तुझा आवाजच आला नाही, आणि मला वाटलं..." येथे वाक्य वाऱ्यात गेले. चार महिने वाळू, तेल आणि कुत्र्याखाली जे दडपले होते ते हे होते.

"मी आहे," मागून आवाज आला. "इथंच आहे. पुढे बोला."

"बोटं सैल करतोय," ते म्हणाले. बोलता बोलता जबडा सैल पडावा तशी बोटे खरोखरच सैल पडली. गाडी डावीकडे कलली, कलू दिली तेवढीच कलली, आणि वळण संपले. ताशी पस्तीसच्या वेगाने. मागून आलेल्या तीन तांबड्या मोटारसायकली गर्जत त्यांच्यापुढे निघून गेल्या.

पुढचा रस्ता बराच सरळ होता. दोघेही गप्प होते, आणि बाईंना हवा होता तो वारा बऱ्याच दिवसांनी कानी पडत होता.

त्या दोघांना पुष्कळ वळणे लाभोत, आणि प्रत्येक वळणापूर्वी खरे बोलण्याइतका श्वास लाभो. त्या मिस्तरीच्या हातांना यश असो. त्या उत्साही मेव्हण्याला एखादा दिवस स्वतः गाडीवर बसण्याचे धैर्य मिळो. आणि ज्यांनी अजून पहिलेच वाक्य धरून ठेवले आहे, त्यांनाही कोणी तरी मागे बसून शांतपणे ऐकणारे भेटो.